पेटंटचा धाक आणि लहान उद्योजक

महोदय,

१५ मार्च २०२३ पासूनच्या एका वर्षात देशात एक लाखाहून अधिक पेटंटे मंजूर झाल्याची बातमी गाजली. वर्ष संपता संपता, १५ मार्च २०२४ रोजी, पेटंट नियमांत जो बदल झाला त्याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. आपल्या पेटंटचा भारतात प्रत्यक्ष वापर होतो की नाही, याचे विवरण पेटंटधारकाला फॉर्म २७ मध्ये दरवर्षी द्यावे लागत असे. आता ते तीन आर्थिक वर्षांतून एकदा दिले की भागते आणि वापरातून किती उत्पन्न झाले हेही सांगावे लागत नाही. कागदपत्रांचा जाच कमी व्हावा हे मान्य आहे, पण ही सवलत लहान उद्योजकाच्या मुळावर येऊ शकते असे मला वाटते.

स्वतः काहीही न बनवता केवळ पेटंट हाताशी धरून बनवणाऱ्यांकडून व वापरणाऱ्यांकडून पैसे उकळणाऱ्यांना अमेरिकेत ‘पेटंट ट्रोल’ म्हणतात. तेथील एमपीएचजे या कंपनीने १६ हजारांहून अधिक लहान व्यावसायिकांना पत्रे पाठवली होती. कार्यालयातल्या स्कॅनरवर कागद ठेवायचा, बटण दाबायचे आणि तो थेट ईमेलने पाठवायचा, एवढ्यावर पेटंटचा हक्क सांगून प्रत्येक कर्मचाऱ्यामागे सुमारे हजार डॉलरची मागणी त्यांत होती. पैसे न दिल्यास दावा लावण्याची धमकी होती, पण दावा लावण्याचा इरादाच नव्हता, असा ठपका तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. कोर्टकचेरीपेक्षा मागितलेली रक्कम स्वस्त पडते, हे ओळखूनच अशी पत्रे लिहिली जातात.

आपल्याकडेही याचा अनुभव येऊन गेला आहे. एकाच फोनमध्ये दोन सिमकार्डे वापरण्याच्या पेटंटच्या आधारे एका पेटंटधारकाने कस्टमकडे तक्रार केली आणि २००९ च्या सुमारास अनेक कंपन्यांचे आयात केलेले फोन बंदरांत व विमानतळांवर अडकले. ते पेटंट बौद्धिक संपदा अपील मंडळाने २०१२ मध्ये रद्द केले. माल अडकून पडला की गोदामभाडे आणि व्याज रोज वाढते, आणि एवढा काळ लढत बसणे मोठ्या कंपनीलाच झेपते. २०१८ मध्ये सरकारने आयात माल अडवण्याच्या कस्टमच्या नियमांतून पेटंट वगळले, हे योग्यच झाले. मात्र २०२१ मध्ये ते अपील मंडळच बंद झाल्याने, मंजुरीनंतर पेटंट कार्यालयात विरोध नोंदवण्याची एक वर्षाची मुदत टळली की पेटंट रद्द करून घेण्यासाठी आता उच्च न्यायालयच गाठावे लागते. भोसरीतल्या किंवा सातपूरच्या दहा-वीस कामगारांच्या कारखानदाराने हा खर्च कोठून करावा?

वस्तू न बनवणारा प्रत्येक पेटंटधारक खंडणीखोर नसतो, हेही स्पष्ट केले पाहिजे. विद्यापीठे आणि संशोधन संस्था शोध लावतात आणि परवाने देतात. तो त्यांचा रास्त हक्क आहे. हा फरक ओळखायचा तर पेटंटचा वापर कोण, कोठे, किती करतो याची ताजी नोंद सर्वांसमोर हवी. पेटंट केवळ मक्तेदारीसाठी नसून शोध भारतात व्यापारी प्रमाणावर वापरात यावा यासाठी दिले जाते, असे पेटंट कायद्याचे कलम ८३ सांगते. सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना शोध वापरण्याची सरकारी परवानगी, मागणाऱ्यालाही याच नोंदीचा आधार असतो. तीन वर्षे जुन्या माहितीवर त्याने काय सिद्ध करायचे?

कलम १०६ नुसार निराधार धमकीविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते, पण पेटंट अस्तित्वात आहे एवढेच कळवणे ही धमकी ठरत नाही. त्यामुळे जाणकार माणूस मोघम पत्र लिहून धाक घालू शकतो आणि कलमाच्या कचाट्यातूनही सुटू शकतो. अमेरिकेतील व्हर्मांट राज्याने २०१३ मध्ये कायदा करून पत्रात पेटंटचा क्रमांक, मालकाचे नाव आणि कोणत्या वस्तूने नेमका कोणता भंग केला याचा तपशील नसणे हा दुष्ट हेतूचा पुरावा मानण्याची मुभा न्यायालयांना दिली. तशी तरतूद आपल्या कायद्यातही करावी, फॉर्म २७ पुन्हा दरवर्षी आणि पूर्ण तपशिलासह भरून घ्यावा आणि नोटीस आलेल्या लहान उद्योजकाला जिल्हा उद्योग केंद्रात विनामूल्य कायदेशीर सल्ला मिळावा, अशी केंद्र व राज्य सरकारकडे मागणी आहे.

एक लघुउद्योजक, पुणे