बंद गाडी सुरू करायलाही शिकवा

महोदय,

परीक्षा आटोपल्या की ठाणे आणि वाशीच्या आरटीओत पक्क्या लायसन्सच्या टेस्टसाठी तरुणांची गर्दी वाढते. आठचा आकडा आणि रिव्हर्स यांनी घोटून घेतलेले असतात, पण अडखळतात ते गाडी जागची हलायच्या आधीच. याचे कारण क्लासच्या पद्धतीत आहे. अनेक ठिकाणी अर्ध्या तासाने आधीचा विद्यार्थी उतरतो आणि पुढचा बसतो, इंजिन मात्र चालूच असते. काही चुकले तर सावरायला शिक्षकाच्या पायाशी ब्रेक-क्लचचा दुसरा जोड असतोच. मग बंद गाडी स्वतः सुरू करण्याचा सराव व्हायचा कधी?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ मध्ये टेस्टला काय तपासायचे याची यादी आहे. मागचा आरसा नीट लावून घेणे आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी योग्य ती खबरदारी घेणे, हेच तिच्यात सर्वात वर आहे. गिअर, वळणे, चढ हे नंतर येते.

टेस्टला एकाच गाडीत एकामागून एक उमेदवार बसतात, तेव्हा ही उणीव उघडी पडते. आधीच्या उंच मुलाने सीट मागे सरकवलेली असते आणि उतरताना गाडी पहिल्या गिअरमध्येच सोडलेली असते. पुढचा बसतो आणि थेट किल्ली फिरवतो. क्लच दाबलेला नसेल तर स्टार्टरची मोटरच चाकांना ढकलते आणि गाडी झटक्यात पुढे जाते. समोर कोणी उभे असेल तर अपघातच.

म्हणून बसल्यावर दारे नीट लागली आहेत का ते बघावे आणि हँडब्रेक ओढलेला आहे ना, हे हाताने खेचून पाहावे. मग सीट. क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाय ताठ होत असेल तर क्लच तळाला जात नाही आणि गिअर टाकताना खरखर होते. आरसे सीटनंतरच लावावेत, कारण सीट हलली की आरशातले दृश्य बदलते. आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसावी, बाहेरच्या आरशांत आपल्या गाडीची जेमतेम कड. मग सीट बेल्ट.

आता क्लच तळापर्यंत दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा. दांडा डावी-उजवीकडे मोकळा हलला की खात्री पटते. किल्ली ‘ऑन’ला नेऊन क्षणभर थांबावे, ऑइल आणि बॅटरीचे दिवे लागतात. डिझेल गाडीत कॉइलचा पिवळा दिवा विझू द्यावा, मगच सेल मारावा आणि इंजिन पकडताच किल्ली सोडावी. ती धरून ठेवली तर स्टार्टरवर विनाकारण ताण येतो. इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा दिवा विझायलाच हवा. किल्ली फिरतच नसेल तर जोर लावू नये. बहुतेक वेळा स्टिअरिंग लॉक झालेले असते, ते थोडे इकडे-तिकडे हलवत किल्ली फिरवली की सुटते.

निघताना पहिला गिअर टाकायचा, आतला आणि उजवा आरसा पाहायचा, उजवा इंडिकेटर द्यायचा आणि उजव्या खांद्यावरून मान वळवून मागे बघायचे. सर्वात जास्त राहून जाते ते हे शेवटचे. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर कडेची गाडी बाहेर काढताना आरशात न दिसलेला दुचाकीस्वार नेमका तिथेच असतो. क्लच हळू सोडत आणला की इंजिनचा आवाज जड होतो, तेव्हा हँडब्रेक सोडायचा, आधी नाही. कोपरी पुलाच्या चढावर हा क्रम उलटा झाला तर गाडी मागे येते. बंद पडलीच तर ब्रेक, हँडब्रेक, न्यूट्रल आणि पुन्हा सेल. घाईने गिअरमध्येच किल्ली फिरवू नये.

क्लासचालकांना आग्रहाची विनंती आहे की दोन विद्यार्थ्यांच्या मध्ये इंजिन बंद करून किल्ली काढावी, हँडब्रेक ओढून गाडी मुद्दाम पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि सीटही हलवून ठेवावी. प्रत्येकाची दोन मिनिटे जातील, तेवढी द्यावीत. आरटीओनेही प्रत्येक उमेदवाराच्या हाती गाडी बंद अवस्थेतच द्यावी आणि टेस्ट तिथूनच सुरू झाली असे धरावे.

– एक ड्रायव्हिंग प्रशिक्षक, ठाणे (प.)