पंक्तिप्रपंच

अहिल्यानगर,
रविवार, रात्री

प्रिय शैला,

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानांपैकी तीन पानं डब्यांवरच! हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? म्हणून आज वही घेऊनच बसले.

पत्र दोनदा वाचलं. वस्तीतल्या एकट्या म्हाताऱ्यांना रोज दुपारचा डबा द्यायचा, एवढ्या साध्या कामात कुणाला घट्ट आमटी आणि कुणाला पातळ, कुणाला तीन पोळ्या आणि कुणाला दोन, यावरून दोन तट पडले. मागच्या चाळीतल्या बाईंनी सगळ्यांसमोर "तुमच्या ओळखीच्यांचे डबे जड असतात" असं सुनावलं आणि तू हिशोबाची वही टेबलावर ठेवून उठून आलीस. वर मला टोमणा मारलास, "तुमच्या त्या पहिल्या ख्रिस्ती लोकांचं बरं होतं बाई, सगळं समाईक आणि सगळे एकदिल. आम्हाला कुठलं जमायला!"

अगं, त्यांचं पहिलं जाहीर भांडण डब्यावरूनच झालं!

तू म्हणतेस ते वाक्य बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आहे. विश्वास धरणाऱ्यांचा समुदाय एकदिलाचा आणि एकजिवाचा होता, कुणी आपल्या मालमत्तेला आपलं म्हणत नसे, असं तिथे लिहिलंय. भिंतीवर टांगायला लोकांना हेच वाक्य आवडतं. पण दोन पानं उलटलीस की सहावा अध्याय लागतो, आणि तिथे कुरकुर सुरू झालेली असते. यरुशलेमेत, म्हणजे जेरुसलेममध्ये, तेव्हा दोन तऱ्हेचे यहूदी विश्वासी होते. काही तिथलेच, घरात अरामी बोलणारे. बाकीचे बाहेरगावी वाढलेले, ग्रीक बोलणारे. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी या ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती.

या विधवा कुठून आल्या असतील, याचा अभ्यासकांनी लावलेला अंदाज मला पटतो. आपल्याकडे म्हातारपणी काशीला जाऊन राहायचे ना, तशी परदेशातली यहूदी जोडपी शेवटचे दिवस काढायला यरुशलेमेला येत. नवरा गेला की बाई एकटी पडायची. दीर नाही, भाऊ नाही, आणि शेजारणीची भाषाही धड कळत नाही. अशा बाईच्या ताटात कमी पडलं तर ती बोलणार तरी कुणापाशी?

मराठी बायबलात तिथे एक फार छान शब्द आलाय. बारा प्रेषित, म्हणजे येशूचे मुख्य शिष्य, म्हणतात, देवाचं वचन सांगायचं सोडून आम्ही पंक्तिसेवा करावी हे ठीक नाही. तो शब्द वाचला की मला आपला दुसरा शब्द हटकून आठवतो, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला नुसता वास. यरुशलेमेत चालला होता तो हाच.

मग त्यांनी काय केलं, ते तुझ्यासाठी महत्त्वाचं. "एकदिलाने राहा रे" असं प्रवचन दिलं नाही. तक्रार करणाऱ्यांना गप्पही केलं नाही. सगळा समुदाय बोलावला आणि सांगितलं, तुमच्यातूनच सात माणसं निवडा, हे काम त्यांच्याकडे देऊ. निवडलेली नावं बघ. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक! शेवटचा नीकलाव तर जन्माने यहूदीसुद्धा नव्हता. अंत्युखिया (अँटिऑक) शहराचा, म्हणजे आपल्या भाषेत अंत्युखियाकर, मागाहून यहूदी झालेला. ग्रीक नाव तिथल्या यहूद्यांचंही असायचं, मान्य. पण सातच्या सात? मला तर सरळ दिसतं, की ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्याच माणसांच्या हातात पळी दिली. फक्त त्यांच्याच विधवांसाठी नव्हे हं, सगळ्यांसाठी. आता हिशोब लिहिणारेही तेच आणि शिव्या खाणारेही तेच.

लहानपणी रविवारच्या शाळेत हा अध्याय घडाघडा पाठ म्हणायचे मी, पण ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. स्तेफनला पुढे विश्वासापायी दगडमार करून मारलं, म्हणून स्तेफन म्हटलं की आम्हाला ते दगडच आठवायचे. तो आधी वाढपी होता, हे कुणाच्या लक्षातच नसायचं.

आणि "सगळं समाईक" म्हणजे काय, तेही तुला वाटतं तसं नव्हतं. सगळ्यांनी एका दिवशी घरदार विकून एका पेटीत टाकलं, असं काही झालं नाही. मूळ ग्रीक वाक्यातली क्रियापदं चालू भूतकाळातली आहेत आणि मराठीत ती झकास उतरली आहेत. जसजशी गरज लागत असे तसतसे विकून वाटून देत असत. "विकलं" नाही, "विकत असत". कुणाची नड निघाली की कुणीतरी शेताचा तुकडा काढायचा. कुप्र (सायप्रस) बेटावरच्या बर्णबाने शेत विकलं आणि पैसे आणून प्रेषितांच्या पायाशी ठेवले. पण योहान मार्कची आई मरिया हिचं घर यरुशलेमेत होतं तसंच राहिलं. दार उघडायला रुदा नावाची मुलगी होती, म्हणजे घर काही लहान नसावं. ते घर विकलं नाही म्हणून मरियेला कुणी नावं ठेवली नाहीत. बारा प्रेषितांतला पेत्र तुरुंगातून सुटला तेव्हा मंडळी रात्रीची तिच्याच घरी जमली होती.

हनन्या आणि सप्पीरेची गोष्ट मात्र मला आजही खटकते. जमीन विकली, थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळेच दिल्याचं भासवलं. आधी नवरा मेला, तीन तासांनी बायको. बाई आत आली तेव्हा नवऱ्याला पुरून आलेली पोरं दाराशीच उभी होती. लहानपणी मी दानपेटीत चार आण्यांऐवजी दोन आणे टाकून उरलेल्याच्या गोळ्या घेतल्या होत्या, तेव्हा आठवडाभर रात्रीची दचकून उठायचे! पण पेत्र हनन्याला काय विचारतो, ते आता नीट वाचलं. ती होती तोवर तुझीच नव्हती का? विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात नव्हते का? म्हणजे देण्याची सक्ती नव्हतीच. राग होता तो खोट्या पावतीचा.

त्याच काळात मृत समुद्राकाठी कुमरानला एक पंथ राहत होता. त्यांच्या गुंडाळ्या १९४७ पासून गुहांमधून मिळत गेल्या. तिथे मात्र सक्ती होती. नव्या माणसाची मालमत्ता टप्प्याटप्प्याने पंथात जमा व्हायची, आणि मालमत्तेबद्दल जाणूनबुजून खोटं बोललं तर वर्षभर पंगतीबाहेर बसायचं आणि चौथा हिस्सा जेवण कापलं जायचं. पाव भाकरी कमी! हनन्याच्या मानाने स्वस्तात सुटका, पण नियम कसा हिशेबी बघ. तुला आवडेल तो.

एकीचं दुसरं हसं ग्रीसमधल्या करिंथ शहरात झालं. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीचं भोजन, तेव्हा खरंखुरं जेवण असायचं. सुखवस्तू लोक आपापलं आणून आधीच बसायचे. कष्टकरी आणि गुलाम उशिरा यायचे तोवर भांडी रिकामी. एक उपाशी आणि दुसरा प्यालेला, असं प्रेषित पौल तिथल्या लोकांना पत्रात स्पष्ट लिहितो. खायला-प्यायला तुम्हाला घरं नाहीत का, असंही विचारतो. माझी आजी हा अध्याय वाचताना चष्मा काढून ठेवायची. तिच्या लहानपणी गावातल्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, एकत्र जेवण असलं की काही जण घरून स्वतःचा पेला घेऊन यायचे. बाप्तिस्मा झाला तरी पेला काही बाटू द्यायचा नाही! "करिंथ कुठं लांब आहे?" एवढंच म्हणायची ती.

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ती गोष्ट पुढेच आहे. तू खजिनदार आहेस म्हणून सांगते. रोमचा बादशहा क्लौद्य कैसर याच्या काळात, म्हणजे इसवी सन ४१ ते ५४ च्या दरम्यान, यहूदियात, म्हणजे यरुशलेमेच्या मुलखात, दुष्काळ पडला. योसेफस नावाच्या यहूदी इतिहासकारानेही त्याची नोंद केली आहे. अदियाबेने नावाच्या राज्याच्या हेलेना राणीने मिसरातून (इजिप्तमधून) धान्य आणि कुप्रातून सुके अंजीर विकत घेऊन यरुशलेमेला पाठवले, असं तो सांगतो. त्या दिवसांत अंत्युखियाच्या मंडळीनेही, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायानेही, प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे मदत जमवून बर्णबा आणि शौल यांच्या हाती धाडली. पुढे याच शौलाने, म्हणजे पौलाने, यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गावोगाव वर्गणी जमवली. हो, मराठी बायबलात शब्द वर्गणीच आहे. गणपतीची पावतीपुस्तकं डोळ्यांसमोर आली ना?

पौलाची पद्धत बघ, करिंथकरांना पत्रातून सांगितलेली. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी, झालेल्या मिळकतीप्रमाणे, ज्याने त्याने घरीच बाजूला काढून ठेवायचं, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. पैसे घेऊन कोण जाणार, ती माणसं तुम्हीच पसंत करा. मी त्यांना पत्रं देऊन पाठवीन आणि गरज पडली तर मीही जाईन. दुसऱ्या पत्रात तर स्वच्छच लिहितो, की एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी आमच्यावर ठपका ठेवू नये म्हणून ही खबरदारी. नुसतं देवासमोर नीट असून भागत नाही, माणसांसमोरही नीट दिसलं पाहिजे. शैला, संत झाला तरी त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा संशय येतोच, हे त्याला ठाऊक होतं. त्याने काही वही आपटली नाही, सोबतीला माणसं घेतली.

या वर्गणीत सगळ्यात हात सैल सोडला तो ग्रीसच्या उत्तरेकडच्या मासेदोनियाच्या मंडळ्यांनी, आणि त्या स्वतःच हलाखीत होत्या. आम्हालाही देऊ द्या म्हणून त्यांनीच मागे लागून भाग घेतला. हे मला खरं वाटतं. आमच्या हंगामाच्या सणाला दरवर्षी तेच बघते. लोक बाजरी, भोपळे, अंडी, पायांना सुतळी बांधलेली कोंबडी घेऊन येतात, आणि उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. एके वर्षी आजीने तिची एकुलती एक अंडी देणारी कोंबडी आणली होती. गाडीवाल्या एका गृहस्थांनी बोली चढवत चढवत बाजारभावाच्या तिप्पट पैसे मोजले आणि कोंबडी परत आजीच्याच हातात दिली. आजीने "उपकार नको" म्हणून पुन्हा लिलावात ठेवली. दुपार टळली तरी कोंबडी विकली जातच होती!

नंतरच्या काळातल्या दोन नोंदी सांगते आणि थांबते. इसवी सन २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कर्नेलियस एका पत्रात मंडळीचा तपशील देतो. ४६ वडील (म्हणजे धर्मगुरू), ७ सेवक वगैरे, आणि पोसल्या जाणाऱ्या विधवा व गरजू दीड हजारांहून जास्त. राजाश्रय नाही, उलट नुकताच छळ सोसलेला, आणि दीड हजार ताटं!

दुसरी नोंद शत्रूच्या हातची, म्हणून मला जास्त विश्वासाची वाटते. १९ मे ३०३, उत्तर आफ्रिकेतलं सिर्ता, आजचं अल्जेरियातलं कॉन्स्टंटाइन. रोमन बादशहा दियोक्लेतियन याच्या हुकमावरून सरकारी माणसं ख्रिस्ती लोक जमायचे त्या घरात शिरली आणि कारकुनाने पंचनामा लिहिला. सोन्याचे प्याले २, चांदीचे ६, दिवे, समया. पुढे, बायकांचे अंगरखे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे अंगरखे १६, पुरुषांच्या वहाणा १३ जोड, बायकांच्या वहाणा ४७ जोड. जेवणाच्या खोलीत ४ मोठे रांजण आणि ६ बरण्या. पुस्तकांची कपाटं रिकामी.

हे काही कुणी प्रवचनासाठी लिहिलेलं नाही. जप्तीची यादी आहे. पण ४७ आणि १३ हे आकडे शेजारी ठेवून बघ. कुणीतरी बसून मोजलं असणार, की आपल्या दारात अनवाणी येतात त्यात बायका किती आणि पुरुष किती. पायांची मापंही घेतली असतील. ती बाई किंवा तो बाप्या कोण, यादीत नाव नाही. मला मात्र ती तुझ्यासारखी दिसते, चष्मा नाकावर आणि पेन्सिल कानामागे.

तुझ्या डब्यांचं मी काय सांगणार? पण त्या मागच्या चाळीतल्या बाईंना वाटपाला बोलावून बघ. दोनच दिवस. आमटीची पळी त्यांच्या हातात दे आणि तू वही घेऊन शेजारी बस. वही मात्र सोडू नकोस. तुझ्या अक्षरातला हिशोब वाचता येतो, हे हॉस्टेलच्या मेसपासून मला ठाऊक आहे.

सण पुढच्या महिन्यात आहे. आलीस तर लिलावात तुझ्यासाठी भोपळा धरून ठेवीन. नाही जमलं तर पाच किलो बाजरी इकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवते, डब्यांसाठी. वहीत लिही, आणि पावती मलाच नाही, त्या बाईंनाही दाखव.

तुझी,
करुणा