सिस्टर, तुमचा चहा तसाच राहिला

सिस्टर, नमस्कार.

अण्णांना जाऊन परवा महिना झाला. तेरवीला आल्या-गेल्या सगळ्यांशी बोलले, तुमच्याशी बोलायचं तेवढं राहिलं.

अन्ननलिकेचा कॅन्सर. दीड वर्ष दवाखाने केले, दोन एकर रान गेलं. शेवटी एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी फायलीतून मान वर न काढता सांगितलं, "घरी न्या, सेवा करा." सेवा करा म्हणजे नेमकं काय करा, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता. अण्णा तिथंच स्टुलावर बसलेले. त्यांच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही औशाजवळच्या आमच्या गावात स्कूटीवर आलात. वसरीवर बाजेपाशी खाली बसून आधी अण्णांनाच विचारलंत, "अण्णा, कुठं दुखतंय?"

दुखणं दाबणाऱ्या मॉर्फिनच्या गोळीचं नाव काढल्यावर चुलते म्हणले, नशेची गोळी, सवय लागंल. दुखण्यापुरती मोजून दिली तर नाही लागत, पण दुखायची वाट न बघता चार-चार तासाला द्या, हे तुम्ही त्यांना तीनदा समजावलंत, एकदाही आवाज न चढवता. २०१४ साली या गोळीचा कायदा सोपा झाला म्हणतात, तरी आम्ही हिंडलो त्या एकाही मेडिकलवर ही गोळी नव्हती. तुम्ही दिलीत. त्या रात्री अण्णा गाढ झोपले.

पण मला आठवते ती वाटी. आई ताकातल्या कण्या घेऊन त्यांच्या तोंडाशी बसलेली, "दोन घास तरी घ्या," म्हणून रडत. अण्णा मान फिरवायचे. तुम्ही तिच्या हातातली वाटी हळूच काढून घेतलीत. म्हणलात, "मावशी, जेवत नाहीत म्हणून ते चालले नाहीत. ते चाललेत, म्हणून भूक गेली." आई थिजली. मग तिच्या रिकाम्या हातात तुम्ही ओला कापूस दिलात आणि तिचा हात धरून अण्णांच्या ओठांवरून फिरवलात. तेव्हापासून शेवटपर्यंत ते काम तिचं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पन्नास वर्षं ज्या माणसाला वाढलं, त्याच्यासाठी अजून काहीतरी करता येतंय, एवढंच तिला पाहिजे होतं. ते तुम्हाला कळलं.

श्वास थांबून थांबून येईल, घशात घरघर होईल, पाय गार पडतील, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. त्या पहाटे तसंच झालं. दादानं एकशे आठला लावायला फोन उचलला. आईनं त्याच्या हातावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. सिस्टर म्हणल्या होत्या." मग आम्ही तिघं बाजेभोवती बसलो. अण्णा आपल्या घरात, माळवदाखाली, आमच्या हातात गेले. नळ्या नव्हत्या, धावपळ नव्हती.

कापसाची उरलेली गुंडाळी आईनं देवळीत ठेवलीय. आणि ती रोज एकच बोलते, त्या दिवशी सिस्टरचा चहा बोलण्यात तसाच गार झाला, पोरगी उपाशी गेली. तेव्हा इकडं फेरी झाली की घरी या. ती वाट बघती.