पाच डॉलरचं परमिट म्हणजे सगळा नियम नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला फ्लोरिडात हौसेने शेवंड, म्हणजे लॉबस्टर, पकडण्यावरचा लेख वाचला आणि कालपासून डोकं फिरलंय. 5 डॉलरचं परमिट काढा आणि उतरा पाण्यात, असं छापायच्या आधी इथल्या कुणाला तरी विचारायचं होतं. ते 5 डॉलर नुसत्या शेवंडीच्या परमिटचे, त्याच्याबरोबर खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचं लायसन्स लागतंच, बाहेरून आलेल्याला 3 दिवसांचं 17 डॉलरला मिळतं. पण माझं भांडण पैशांवरून नाहीच. हे लायसन्स देताना कुणी एक प्रश्नसुद्धा विचारत नाही आणि तुमच्या लेखकाला नेमकं तेच भारी वाटलंय!

मागच्या जुलैत मिनी सीझनला, म्हणजे मुख्य हंगामाआधी हौशी लोकांना मिळणाऱ्या दोन दिवसांत, आम्ही फ्लोरिडाच्या कीज बेटांतल्या ‘की लार्गो’जवळ होतो. शेजारच्या बोटीवरच्या माणसाने अंड्यांची मादी वर आणली, शेपटीखाली नारिंगी अंडी गच्च, आणि हा कडेला बसून ती अंडी बोटांनी खरवडून पाण्यात टाकतोय. अशी मादी धरायचीच नसते, अंडी काढणं तर गुन्हाच आहे. मी ओरडले तर मलाच फोनवरचं लायसन्स दाखवतो! मोजायची पट्टीपण नव्हती त्याच्याकडे. तक्रारीचा फोन केला, पण कुणी यायच्या आत बोट निघून गेली. अजून आठवलं की जीव जळतो.

पट्टी घेऊनच पाण्यात उतरायचं असतं, शेवंड वर आणायच्या आधी खालीच मोजायची, दोन शिंगांच्या मधून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत, 3 इंचांच्या वर भरली तरच घ्यायची नाहीतर तिथेच सोडायची, आणि कीजमध्ये दिवसाला माणशी 6च. लेखात यातलं काहीच नाही. अमेरिकेतल्याच ‘मेन’ नावाच्या राज्यात हौसेच्या लायसन्सलासुद्धा पहिल्यांदा लेखी परीक्षा असते, तेही फक्त तिथल्या रहिवाशांना मिळतं. मग फ्लोरिडाला निदान दहा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

आणि तो फोटो! मोठ्या नांग्यांचा तो लॉबस्टर मेनकडचा आहे हो. फ्लोरिडाच्या शेवंडीला तशा नांग्या नसतातच, ती आपल्या रत्नागिरीच्या शेवंडीच्या जातकुळीतली, कोकणातला कुणीही वाचक बघताक्षणी ओळखेल.

जुलैत इथे बऱ्याच जणांकडे पाहुणे येतात, तुमचा लेख वाचून बोट बुक करतील. तेव्हा पुढच्या रविवारी फोटो दुरुस्त करा आणि मोजायची पद्धत व अंड्यांच्या मादीचा नियम ठळक चौकटीत छापा.

– एक वाचक, मायामी