ब्लॉक लिहिताना पाठीशी उभ्या राहिलेल्या ताईंना

ताई,

आपली ओळख फक्त अक्षरांतून झालेली. तरीही हे आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुमच्याआधी मला झिडकारलं गेलं तेही चारचौघांतच.

जीएनयू रेडिओत, म्हणजे रेडिओचं काम संगणकावर सॉफ्टवेअरने करायच्या साधनात, तयार ब्लॉक (एकेक काम करणारे प्रोग्रामचे तुकडे) जोडून फ्लोग्राफ (सिग्नलची वाट) करणाऱ्याला मदत करायला दहा जण धावतात. स्वतःचा ब्लॉक लिहायला घेतलेल्या, सी++ मधलं वर्क फंक्शन (ब्लॉकचं प्रत्यक्ष काम करणारा कोड) उघडून बसलेल्या माणसाकडे फारसं कोणी फिरकत नाही. माझा ब्लॉक तसा साधाच. येणाऱ्या सॅम्पल्समध्ये (सिग्नल मोजून मिळालेल्या आकड्यांमध्ये) ६४ सॅम्पल्सचा ठरलेला प्रिअ‍ॅम्बल (संदेशाच्या तुकड्याच्या, म्हणजे पॅकेटच्या, सुरुवातीची खूण) शोधायचा आणि सापडला की तिथे टॅग लावायचा. चाचण्या सगळ्या पास होत होत्या. रिसीव्हर जोडला की मात्र मधूनच पॅकेट गळायचं, तेही सिग्नल ठणठणीत असताना.

सगळ्यांसमोर विचारलं, तर एकाने अँटेना बदलायला सांगितलं. दुसरा "सॅम्पल रेट कमी करा" म्हणून मोकळा झाला. आणि या विषयात ज्यांचा शब्द प्रमाण मानतात, त्या गृहस्थांनी तर सरळ सुनावलं, "शेड्युलर कळत नसेल तर तयार ब्लॉक वापरा." शेड्युलर, म्हणजे कोणत्या ब्लॉकला कधी किती सॅम्पल्स द्यायचे ते ठरवणारा भाग, कळावा म्हणूनच तर विचारत होतो! ठाऊक असलेली गोष्ट सांगायची नाही, वर विचारणाऱ्यालाच खाली दाखवायचं, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी रेकॉर्डिंग मागितलंत. कच्ची आयक्यू फाइल (रिसीव्हरने टिपलेले सॅम्पल्स जसेच्या तसे) उतरवून घेतलीत, स्वतः चालवून पाहिलीत. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून एक फोटो आला. रेघी वहीचं पान, त्यावर निळ्या पेनाने ओळीने चौकटी आणि प्रत्येक चौकटीत सॅम्पलचा क्रमांक. मध्येच एक उभी लाल रेघ. तिथे वर्कचा एक कॉल (शेड्युलरने ते फंक्शन एकदा चालवणं) संपून दुसरा सुरू होत होता. प्रिअ‍ॅम्बलचे ४० सॅम्पल्स रेघेच्या अलीकडे, २४ पलीकडे. खाली तुम्ही लिहिलं होतं, "दोघांनाही अर्धाच दिसतो."

क्षणात सगळं लख्ख झालं. शेड्युलर एका कॉलला किती सॅम्पल्स हाती देईल याचा नेम नाही. पुढच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जागा किती आणि मागून माल किती आला, त्यावर ते ठरतं. चाचणीतला छोटा व्हेक्टर (सॅम्पल्सची यादी) एकाच कॉलमध्ये मावून जायचा, म्हणून तिथे कधीच काही बिघडलं नाही. हिस्टरी (आधीचे सॅम्पल्स जवळ ठेवायची सेटिंग) ६४ ठेवली की मागचे ६३ सॅम्पल्स दर कॉलच्या सुरुवातीला पुन्हा समोर येतात आणि रेघेवर सापडलेला प्रिअ‍ॅम्बलही अख्खा दिसतो. काम एका ओळीचं.

ती ओळ तेवढी पाठवली असतीत तरी माझं पॅकेट वाचलं असतं. पण तुम्ही चौकटी काढल्यात, आणि क्रमांक एकपासून चौसष्टपर्यंत सगळे लिहिलेत. मध्ये टिंबं देऊन सोडता आलं असतं. शेवटच्या ओळीत जागा पुरेना, तर आकडे बारीक करून समासात नेलेत. कोण कुठला मी, आणि माझ्यासाठी कोणीतरी समासात आकडे लिहीत बसलं! ते पान पाहिलं की आजही गळा दाटतो.

पुढे फ्रीक्वेन्सी सरकवणारा ब्लॉक लिहिला. त्यात ऑसिलेटरचा फेज (लहरीची त्या क्षणाची स्थिती) दर कॉलला शून्यावरून सुरू करायचा नाही, मेंबर व्हेरिएबलमध्ये (कॉल संपला तरी ब्लॉकपाशी टिकणाऱ्या जागेत) जपून पुढे न्यायचा, हे कोणाला विचारावं लागलं नाही. तुमची लाल रेघ डोळ्यांपुढे होती. एरिक ब्लॉसम यांनी २००१ मध्ये जीएनयू रेडिओ हा प्रकल्प सुरू केला तेव्हापासून त्याचा सोर्स सर्वांना खुला आहे. पण नुसता खुला असून भागत नाही हो, शेजारी बसून तो उलगडून दाखवणारं माणूस लागतं. अशी माणसं गाजावाजा करत नाहीत, म्हणून त्यांची मोजदादही होत नाही. उर्मटपणालाच हुशारी समजणाऱ्यांची मात्र सगळीकडे चर्चा.

ब्लॉक आता सगळ्यांसाठी खुला करतो आहे. एकच इनपुट वेड्यावाकड्या तुकड्यांत तोडून तपासणारी चाचणीही त्यात घातली आहे. तुमचं ते पान डॉक्युमेंटेशनमध्ये जसंच्या तसं लावायची परवानगी द्याल का? आणि खाली नाव कसं लिहू, तेवढं कळवा.

तुमचा ऋणी,
एक रेडिओवेडा