यंत्रासाठी निधी मिळतो, मोजमापासाठीही द्या

माननीय तंत्रशिक्षण मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

विद्यापीठाच्या कंपन व भंगयांत्रिकी (वस्तू तडे जाऊन कशा तुटतात याचा अभ्यास) प्रयोगशाळेत काम करणारे आम्ही अध्यापक आणि तंत्रज्ञ. यंत्रखरेदीला अनुदान मिळते. ते यंत्र खरे सांगते आहे ना, हे तपासण्याचा खर्च मात्र कोणत्याच शीर्षाखाली बसत नाही.

१९६७ साली अमेरिकेतला सिल्व्हर ब्रिज कोसळला, ४६ माणसे गेली. सुरुवात एका आयबारमधल्या, म्हणजे पूल तोलून धरणाऱ्या पोलादी पट्टीतल्या, अवघ्या अडीच मिलिमीटर खोल तड्यापासून झाली होती. कोणत्या पोलादात, किती भाराखाली, केवढा तडा घातक ठरतो, हे आमच्या चाचण्यांतून ठरते.

त्यासाठी नमुना ओढून तोडला की झाले, असे नसते. वायर-कटने (विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या तारेने) खाच पाडायची आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सर्वो-हायड्रॉलिक यंत्रावर भार कमी-जास्त करत तिच्या टोकातून खरा तडा वाढवायचा. तड्याची लांबी नमुन्याच्या रुंदीच्या ४५ ते ५५ टक्क्यांत बसली पाहिजे. १० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला दहा या गतीने, भाराची एक लाख आवर्तने म्हणजे पावणेतीन तास. मध्येच वीज जाऊन भाराचा झटका बसला, तर तड्याच्या टोकाशी दाबाचे ताण उरतात आणि पोलाद आहे त्याहून चिवट दिसू शकते. चूक धोक्याच्या बाजूची, म्हणून नमुना बाद करावाच लागतो. कंट्रोलर आणि पंप दोन्ही सावरणारी वीजव्यवस्था ही चैन नव्हे.

भार मोजणाऱ्या लोड सेलचे तसेच. भार ५ टक्के चुकीचा वाचला गेला, तर पोलादात तडा वाढण्याचा वेग भाराच्या तिसऱ्या घाताप्रमाणे बदलतो असे धरून त्या वेगात सुमारे १६ टक्के फरक पडतो. पुलाच्या उरलेल्या आयुष्याचा हिशोब याच वेगावर चालतो. म्हणून दरवर्षी कॅलिब्रेशन (प्रमाणित मापाशी पडताळणी) हवे; तेल आणि फिल्टरही वेळेवर बदलायला हवेत, कारण तेलातला बारीक कचरा तेलाचा प्रवाह सांभाळणारा सर्वो व्हॉल्व्ह अडकवतो.

कंपनाच्या चाचणीत कंपन टिपणारा संवेदक मेणाने चिकटवला की स्टडने (आट्यांच्या खिळीने) घट्ट बसवला, यावरही वरच्या वारंवारतांचे वाचन बदलते. रचना कंपवण्यासाठी मारलेला हातोड्याचा ठोका दोनदा लागला तर ते वाचन टाकून द्यायचे. तड्याने रचनेची नैसर्गिक वारंवारता (ठोका बसल्यावर ती आपसूक ज्या गतीने कंपते ती) घटते खरी, पण थंडी-उन्हानेही ती सरकते. स्वित्झर्लंडच्या झेड-२४ पुलावर डांबर गोठल्यावर ती वाढलेली दिसली होती. तापमानाची नोंद नसलेले कंपनमापन आम्ही अपुरे मानतो.

हे सगळे हाताला वळण लागलेल्या माणसाचे काम आहे. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आलेला तंत्रज्ञ खाच किती उघडते ते मोजणारा क्लिप गेज नीट बसवायला शिकतो, तोवर त्याची मुदत संपते.

तीन मागण्या आहेत. प्रत्येक यंत्राच्या मंजुरीतच कॅलिब्रेशन, देखभाल आणि नमुन्यांसाठी दरवर्षीची तरतूद असावी. तिची रक्कम शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला मिळावी. मार्चअखेर आलेल्या पैशातून घाईने सुटे भाग घेता येतात, वर्षभराच्या चाचण्या होत नाहीत. आणि प्रत्येक चाचणी यंत्रामागे एक कायम तंत्रज्ञपद मंजूर व्हावे. पहिल्या टप्प्यात सगळे जमणार नसेल, तर हे पद आधी भरावे.

आपले,
प्रयोगशाळेतील अध्यापक व तंत्रज्ञ