पेसमेकर बसला, पुढे काय?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

आमचे अण्णा ७६ वर्षांचे, मालवण तालुक्यात राहतात. चार वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून त्यांना पेसमेकर बसला. पदरचा एक रुपया गेला नाही, हे आधी सांगतो.

त्रास पुढे सुरू झाला. दर सहा महिन्यांनी तपासणीला कोल्हापूर. पहाटे निघायचं, फोंडा घाट चढायचा. अण्णांना गाडी लागते, म्हणून खिशात आवळासुपारी. तिथे दोन-अडीच तास बाकड्यावर. मग तंत्रज्ञ छातीवर कॉम्प्युटरच्या माऊससारखं काहीतरी ठेवतो, बॅटरी, वायर, ठोक्यांची नोंद बघतो. "सगळं ओके आजोबा, सहा महिन्यांनी या." पाच मिनिटं! दिवस गेला.

हीच माहिती उशाशी ठेवलेला छोटा ट्रान्समीटर रात्री अण्णा झोपेत असताना पाठवू शकला असता. जगात ही सोय २००१ पासून आहे. २०१० साली अमेरिकेत छातीत शॉक देणारं यंत्र असलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ठोक्यांतला बिघाड डॉक्टरांपर्यंत पोचायला नेहमीच्या पद्धतीत साधारण ३६ दिवस लागत होते, दुरून देखरेखीत दोनपेक्षा कमी. दवाखान्याच्या फेऱ्याही जवळपास निम्म्या झाल्या.

आम्ही विचारलं तर उत्तर मिळालं, "तुमच्या मॉडेलमध्ये ती सोय नाही." आणि पेसमेकर काही मोबाइल नव्हे, दोन वर्षांनी बदलायला. बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे आठ-दहा वर्षं, तोच.

म्हणून मागणी खरेदीच्या वेळची आहे. योजनेतून बसणारं यंत्र दुरून तपासता येणारंच असावं, ही अट निविदेत घाला, आणि ट्रान्समीटरचा खर्च त्याच पॅकेजमध्ये धरा. नंतर जोडता येत नाही.

नुसता डबा देऊन मात्र भागणार नाही. आलेले इशारे रोज उघडून बघणारा माणूस लागतो. जिल्हा रुग्णालयात एक प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमा. गरज वाटेल त्यालाच तो हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवील. ही रुग्णवाहिका नव्हे, कोणी चोवीस तास पडद्याकडे बघत नसतं, हेही रुग्णाला मराठीत नीट सांगायला हवं. नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर जातात, तेव्हा त्या कोण बघणार हे संमतिपत्रात लिहा.

आणि हो, आमच्या घरात रेंज येत नाही, विहिरीपाशी येते. अण्णांची खाट काही तिथे नेता येणार नाही. तेवढं आपल्या संबंधित सहकाऱ्यांच्या कानावर घालावं.

आपला,
मालवण तालुक्यातील एका रुग्णाचा मुलगा